अंडाशयातील गाठ: थांबायचे कधी, धावायचे कधी

(दृश्य: यावल-रावेर पट्ट्यातील केळीच्या बागा, मग तालुक्याच्या गावातील सोनोग्राफी केंद्राबाहेरचा बाक.)

ओटीपोटात दुखते म्हणून सोनोग्राफी करावी, अहवालात ‘उजव्या अंडाशयात ४ सेंटिमीटरची सिस्ट’ असे यावे आणि घरी पोहोचेपर्यंत ‘आता पिशवी काढावी लागणार’ अशी चर्चा सुरू व्हावी, हे खानदेशातल्या घरांना अनोळखी नाही. ही सिस्ट अंडाशयात असते, गर्भाशयात नव्हे. केवळ तिच्यासाठी गर्भाशय काढण्याचे कारण नसते.

पाळी सुरू असलेल्या वयात दर महिन्याला अंडाशयात बीजासोबत सुमारे २ सेंटिमीटरची पाणीदार पुटिका वाढते. ती वेळेवर फुटली नाही, किंवा बीज बाहेर पडल्यावर मागे उरलेल्या भागात द्रव अथवा रक्त साचले, तर तिचीच सिस्ट होते आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप विरते. म्हणून पातळ भिंतीच्या, आत केवळ पाणी असलेल्या लहान सिस्टसाठी डॉक्टर औषध न देता थांबायला सांगतात, तेव्हा ती टाळाटाळ नसते. झालेली सिस्ट गर्भनिरोधक गोळ्यांनीही लवकर विरत नाही.

डर्मॉइड सिस्ट मात्र विरत नाही. तिच्यात चरबी, केस, कधी दातही सापडतात. चॉकलेट सिस्टमध्ये जुने रक्त साठते, पाळीत असह्य दुखते आणि दिवस राहण्यातही अडचण येऊ शकते. अशा किंवा ७ सेंटिमीटरहून मोठ्या सिस्टसाठी एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो; बहुधा दुर्बिणीतून फक्त सिस्ट काढून अंडाशय राखता येते. पाळी गेल्यानंतरची सिस्ट अधिक काळजीने तपासतात, कारण त्या वयात कर्करोगाची शक्यता वाढते. सीए-१२५ ही रक्ततपासणी तेव्हा उपयोगी पडते. तरुण वयात पाळीच्या दिवसांतही तिचा आकडा वाढू शकतो, त्यामुळे एकट्या त्या आकड्याने घाबरू नये.

(दृश्य: धडगावच्या डोंगरातील पाडा, उतरणारा घाटरस्ता.)

थांबणे जिथे चालत नाही, तो प्रसंग म्हणजे अंडाशयाला पडलेला पीळ. एका बाजूला अचानक तीव्र कळ येते, उलट्या होतात आणि अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटू लागतो. कापसाची वेचणी उरकून संध्याकाळी पाहू, असे म्हणण्याइतका वेळ तेव्हा नसतो. शस्त्रक्रियेची सोय दूर असलेल्या पाड्यांवर तर मुळीच नाही. १०८ ला फोन करताना सिस्ट आधीपासून असल्याचे सांगावे आणि जुना सोनोग्राफी अहवाल सोबत घ्यावा.