तयार मिनिटाचा भाव: नवख्या संगीतकाराने किती मागायचे?

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर शॉर्टफिल्मची चौकट, खाली वाद्यांच्या रंगीत पट्ट्या. फोन वाजतो.]

दहा मिनिटांची शॉर्टफिल्म आहे. दिग्दर्शक फोनवर विचारतो, "म्युझिकचे किती घेणार?" नवखा संगीतकार बहुतेक वेळा तिथल्या तिथे एक आकडा सांगून मोकळा होतो. फिल्म अजून पाहिलेली नसते, संगीत किती मिनिटांचं लागेल ते ठाऊक नसतं, आणि एकदा तोंडातून गेलेला आकडा पुढे वर नेता येत नाही. फोनवर एवढंच सांगावं: "कच्चं एडिट पाठवा, बघून उद्या कोटेशन देतो." त्याच फोनवर हेही विचारून घ्यावं, की संगीतासाठी बजेटमध्ये किती रक्कम धरली आहे. विचारल्यावर बरेच जण सांगतात. न विचारता सहसा कोणी सांगत नाही.

[दृश्य: कागद, पेन, आकडेमोड.]

आधी स्वतःच्या तासाचा भाव काढायचा. वर्षभराचा खर्च मांडा: राहणं, खाणं, कर, सॉफ्टवेअर, सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच), आणि चार-पाच वर्षांनी बदलावा लागणारा संगणक. ही बेरीज तासांनी भागायची. गफलत होते ती इथे. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले की २,०८० तास होतात. पण त्यातले निम्मे तास कामं शोधण्यात, ईमेल लिहिण्यात, बिलांच्या मागे लागण्यात आणि बिघडलेलं प्लगइन दुरुस्त करण्यात जातात. त्याचे पैसे कोणी देत नाही. सुट्ट्या आणि आजारपणाचे चार आठवडे वजा करा, आठवड्याला २० तास धरा. उरले ९६०. म्हणजे पहिल्या हिशोबात जो तासाचा भाव आला, त्याच्या दुपटीहून जास्त मागितलं तर कुठे खर्च निघतो.

हा भाव दिग्दर्शकाला सांगायचा नसतो. तो आपल्यासाठी आहे. याच्या खाली गेलो तर पदरमोड, इतकंच त्यावरून कळतं. समोरच्याला हवा असतो पूर्ण कामाचा आकडा, आणि चित्रपटाच्या कामात तो बहुधा तयार संगीताच्या मिनिटांवरून निघतो.

[दृश्य: टाइमलाइनवर सहा ठिकाणी खुणा होतात.]

समजा, त्या दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये सहा मिनिटं संगीत आहे. मिनिटाला तीन तास, म्हणजे रचना आणि वाद्यं भरण्याचे १८ तास. नवखा इथेच थांबतो. पण फिल्म पाहून संगीत कुठे सुरू होईल, कुठे थांबेल हे दिग्दर्शकासोबत ठरवायला तीन तास जातात. मुख्य सुरावटीचे दोन-तीन कच्चे नमुने करायला पाच. दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांना सहा. मिक्सिंग आणि स्टेम, म्हणजे वाद्यगटांचे सुटे ट्रॅक, वेगळे काढायला चार. फाइलींना नावं देणं, पाठवणं, पुन्हा पाठवणं, याला दोन. एकूण ३८ तास. एका तयार मिनिटामागे सहा तास वीस मिनिटं पडली. आधी धरलेल्या तीन तासांच्या दुपटीहून जास्त. हे तास उदाहरणादाखल आहेत. सोलो पियानोला कमी लागतील, संगणकावर उभ्या केलेल्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या नमुन्याला, म्हणजे मॉकअपला, बरेच जास्त. आपले खरे तास कळायला पहिल्या दोन-तीन कामांत घड्याळ लावून नोंद ठेवण्याशिवाय दुसरा उपाय नाही.

[दृश्य: तयार संगीतावर नवं एडिट येऊन बसतं. तबल्याचा ठोका दार आपटून झाल्यावर ऐकू येतो.]

ठरलेला हिशोब बिघडतो तो दुरुस्त्यांमुळे. संगीत बेतलेलं असतं फ्रेमवर. एडिटरने एका दृश्यातून चार सेकंद कापले, की त्यापुढचा प्रत्येक ठोका चार सेकंद उशिरा पडतो आणि सगळं परत बसवावं लागतं. म्हणून कोटेशनमध्ये एक ओळ हवीच: पिक्चर लॉक झाल्यानंतर, म्हणजे एडिट पक्कं ठरल्यानंतर, ते बदललं, तर त्या कामाचे पैसे वेगळे. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हेही लेखी घ्या. फिल्म २३.९७६ ची आणि संगीत २४ वर बेतलेलं असेल, तर हजारात एक इतका फरक पडतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण सलग एकच फाइल दिली, तर दहाव्या मिनिटाला संगीत ०.६ सेकंद, म्हणजे सुमारे चौदा फ्रेम सरकलेलं असतं.

दुरुस्ती कशाला म्हणायचं हेही लिहून ठेवावं. "इथे तारवाद्यं हळू करा" ही दुरुस्ती. "हा प्रसंग आता आनंदी हवा" ही नवी रचना, आणि तिचे पैसे नवे. एडिटमध्ये आधीपासून टेम्प ट्रॅक, म्हणजे तात्पुरतं दुसरं संगीत, लावलेला असेल तर जास्तच सावध राहावं. महिनाभर तेच संगीत ऐकलेल्या दिग्दर्शकाला आपलं काहीही आधी परकंच वाटतं. अशा कामात दुरुस्तीचे तास सुरुवातीलाच वाढवून धरा.

[दृश्य: व्हायोलिनवादक माइकसमोर.]

खरे वादक, स्टुडिओ, रेकॉर्डिस्ट यांचा खर्च आपल्या मानधनापासून वेगळा दाखवावा. सगळं मिळून एकच रक्कम घेतली आणि रेकॉर्डिंग दोन तास लांबलं, की ते दोन तास आपल्या खिशातून जातात. एकच रक्कम घ्यायची वेळ आलीच, तर दहा ते पंधरा टक्के राखून ठेवा.

[दृश्य: करारपत्राचं पान.]

आणि मग हक्क. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बुर्जे या गीतकाराने बिल द्यायला नकार दिला. तुम्ही माझी रचना फुकट वाजवता, मग मी तुमच्या पेयाचे पैसे का द्यावेत, असा त्याचा सवाल होता. प्रकरण कोर्टात गेलं, निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि त्यातून १८५१ मध्ये रचनाकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी साकेम ही फ्रेंच संस्था उभी राहिली. संगीत जाहीरपणे वाजलं की रचनाकाराला रॉयल्टी, ही व्यवस्था आज अनेक देशांत आहे.

त्यामुळे "किती" विचारताना "कशासाठी" हेही ठरवावं लागतं. कोणत्या माध्यमात, किती प्रदेशात, किती वर्षं? महोत्सव आणि ऑनलाइन, तीन वर्षं, हा एक भाव. सगळे हक्क कायमचे, म्हणजे बायआउट, हा त्याहून कितीतरी मोठा. बजेट खरंच तोकडं असेल तर भाव पाडण्याआधी देणं कमी करा: सहाऐवजी चार मिनिटं संगीत, किंवा हक्क आपल्याकडे ठेवून फक्त वापराची परवानगी. रॉयल्टीतला रचनाकाराचा हिस्सा सोडायला लावणारं कलम मात्र सहज नजरेआड होतं. ते शोधून वाचा. विकत घेतलेला लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) वापरला असेल, तर संगीत फक्त तुमचंच राहील अशी हमी देऊ नका. तोच लूप आणखी कोणीही वापरू शकतो.

फुकट काम करायचंच ठरवलं तरी बिल बनवा: पूर्ण रक्कम, खाली पूर्ण सूट. पुढच्या फिल्मच्या वेळी बोलणी त्या पूर्ण रकमेपासून सुरू होतात. "नाव होईल" एवढ्यावर केलेल्या कामात हे घडत नाही.

[दृश्य: फाइल अपलोड होते.]

पैशांचे टप्पे: निम्मे काम सुरू करताना, निम्मे अंतिम फाइली देण्याआधी. तोवर ऐकायला एमपीथ्री पाठवा, मधूनमधून आवाजाची खूण घालून. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइली आणि स्टेम पैसे जमा झाल्यावर. त्यांच्यासोबत क्यू शीटही द्या: प्रत्येक तुकड्याचं नाव, लांबी, वापर, रचनाकार आणि प्रकाशक. फिल्म पुढे टीव्हीवर गेली, तर रॉयल्टी वाटणारी संस्था हाच कागद मागते.