एका गिअरची सायकल सात गिअरची करताना

(पडद्यावर: मागचं चाक काढलेली फ्रेम. दोन खाचांच्या मध्ये धरलेली मोजपट्टी.)

गिअर विकत घ्यायच्या आधी पट्टी हातात घ्या. मागचं चाक काढा आणि ते ज्या दोन खाचांत बसतं, त्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. पुढचं सगळं काम या आकड्यावर ठरतं. 135 मिमी भरलं तर माउंटन बाइकचं गिअरवालं चाक सरळ बसेल. 126 भरलं तरी सात चकत्यांचं फ्रीव्हील (मागच्या चाकावर आट्यांनी चढणारा दातेरी चकत्यांचा संच) मावतं. 110 किंवा 120 भरलं, की अडचण सुरू होते.

फ्रेमला चुंबक लावून बघा. चिकटला तर फ्रेम पोलादी, आणि पोलाद थोडं फाकवता येतं. 120 वरून 126 पर्यंत जाता येईल, तेही दोन्ही बाजूंना सारखं आणि बेताबेताने. 110 वरून 135 ची स्वप्नं बघू नयेत. चुंबक चिकटलाच नाही, म्हणजे बहुधा ॲल्युमिनियम. त्याला हात लावू नका. फाकवताना काही झालं नाही असं वाटतं, तडा मागाहून जातो आणि तोही चालत्या सायकलवर.

आता उजव्या खाचेच्या खाली बघा. तिथे डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बसवायचं 10 मिमीचं, आतून आटे पाडलेलं भोक असेल तर ती फ्रेम मुळात गिअरसाठीच बनवलेली आहे. बऱ्याच स्वस्त माउंटन बाइकची फ्रेम गिअरच्या आणि बिनगिअरच्या दोन्ही मॉडेलना एकच असते. भोक नसेल, तर हूकवालं हँगर मिळतं. ते ॲक्सलच्या नटाखाली आवळतात आणि डिरेलर त्यावर टांगतात. पुढे उघडणाऱ्या आडव्या खाचेत हे चांगलं काम देतं. खाच मागे उघडत असेल तर मात्र ते नीट बसत नाही.

आणखी एक अट आहे. मागे पेडल मारून ब्रेक लागत असेल, तर त्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) डिरेलर चालत नाही. उलटं पेडल मारलं की खालची चेन ताणली जाते आणि डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) पुढे ओढला जाऊन मोडतो. तिथे हबही बदला, ब्रेकही रिमवर घ्या.

(पडद्यावर: व्हाइसमध्ये धरलेलं फ्रीव्हीलचं टूल, वर आडवं चाक.)

जुनं फ्रीव्हील काढणं हे सगळ्यात चिवट काम. दर पेडलला ते आणखी घट्ट होत गेलेलं असतं. त्याच्या खाचांत बरोबर बसणारं टूल घाला आणि ते निसटू नये म्हणून ॲक्सलचा नट वरून हलकाच लावा. टूल व्हाइसमध्ये धरा आणि अख्खं चाक गाडीच्या स्टीअरिंगसारखं डावीकडे फिरवा. 'कट्ट' असा आवाज आला की लगेच थांबा आणि आधी नट सैल करा. तो तसाच ठेवून फिरवत राहिलात, तर टूल त्या नटावर दाबलं जाऊन अडकून बसतं. आरे कापून हब वेगळा करायचा असेल, तरी फ्रीव्हील त्याआधीच उतरवा. नुसता हब हातात आला की जोर लावायला काही उरत नाही.

16 दात किंवा त्याहून मोठ्या सिंगल फ्रीव्हीलचे आटे सहसा 1.37 इंच, 24 टीपीआय (म्हणजे एका इंचात 24 आटे) असतात. सात चकत्यांच्या फ्रीव्हीलचेही तेच. त्यामुळे नवं फ्रीव्हील जुन्या हबवर चढतं. आट्यांना ग्रीस लावा आणि सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्या. तिरकं चढलं तर ॲल्युमिनियमचे आटे कायमचे गेले.

पण चढलं म्हणजे मावलं असं नाही. सात चकत्यांची जाडी सुमारे 32 मिमी असते. सगळ्यात लहान चकती आणि फ्रेम यांच्यात चेन न घासता जायला जागा हवी. म्हणून उजवीकडे वॉशर वाढवावे लागतात आणि कधी कधी लांब ॲक्सल घालावा लागतो. मग हब डावीकडे सरकतो, त्याच्याबरोबर रिमही. रिम पुन्हा मधोमध आणायची, तर डावीकडचे आरे सैल आणि उजवीकडचे घट्ट करायचे, एका वेळी पाव फेरा. चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढायचा सराव नसेल, तर तयार गिअरवालं चाक घेणं शहाणपणाचं.

चेन. जुनी चेन 1/8 इंची, म्हणजे आतून सुमारे 3.2 मिमी रुंद. गिअरची 3/32 इंची, म्हणजे 2.4 मिमी. नवी चेन जुन्या चेनव्हीलच्या (पेडलजवळच्या दातेरी चाकाच्या) जाड दातांवर बसतच नाही, वर तरंगते. त्यामुळे चेनव्हील बदलावंच लागतं, आणि ते क्रँकला (पेडलच्या दांड्याला) ठोकून बसवलेलं असेल तर क्रँकही.

ते बदलताना लहान घ्या. पुढे 44 दात आणि मागे सर्वात मोठी चकती 28 दातांची, तर पेडलच्या एका फेऱ्यात 26 इंची चाक दीड फेऱ्यापेक्षा जास्त फिरतं. चढावर हा गिअर जडच. पुढे 32 आणि मागे 34 ठेवलं, तर चाक पुरता एक फेराही घेत नाही. सपाटीवरचा थोडा वेग जातो, पण गिअर बसवतो ते चढासाठीच.

चेनची लांबी अशी मोजा: डिरेलर सोडून चेन पुढच्या आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीवर गुंडाळा, टोकं जुळतील तिथे एक इंच जास्त धरा. मागे शॉकअप असेल तर तो दाबून, चेनला सर्वात जास्त लांबी लागेल त्या स्थितीत हे माप घ्या.

(पडद्यावर: मागून दिसणारा डिरेलर. वरची पुली सर्वात लहान चकतीच्या बरोबर खाली.)

केबल जोडायच्या आधी डिरेलरवरचा एच स्क्रू (लहान चकतीकडची हद्द ठरवणारा) फिरवून ही पुली लहान चकतीच्या सरळ रेषेत आणा. मग हाताने डिरेलर मोठ्या चकतीपर्यंत ढकला आणि एल स्क्रूने तिथेच अडवा. हा स्क्रू सैल राहिला तर डिरेलर आऱ्यांत घुसतो. हँगर वाकतं, आरे तुटतात, चाक जागच्या जागी अडकतं. वरची पुली आणि मोठी चकती यांच्यात बी स्क्रूने 5 ते 6 मिमी फट ठेवा.

केबलचं कव्हर गिअरचंच घ्या. ब्रेकच्या कव्हरमध्ये वेटोळी तार असते, ती दाबली जाते आणि टक-टक पडणारे गिअर मधेच अडखळतात. फ्रेमवर केबलचे स्टॉप नसतील तर शिफ्टरपासून (हँडलवरच्या गिअर बदलायच्या खटक्यापासून) डिरेलरपर्यंत सलग कव्हर न्या आणि ते फ्रेमला टायने बांधा. शिफ्टरही सातचाच हवा आणि तो डिरेलरच्या जोडीचा असावा. सगळ्या कंपन्या केबल सारखी ओढत नाहीत.

केबल आवळताना डिरेलरच्या बोल्टाखाली बारीक खाच दिसते. तार त्या खाचेतूनच जायला हवी. बोल्टच्या दुसऱ्या बाजूने गेली तर ओढीचं माप बदलतं, आणि मग कितीही ट्यून केलं तरी एक गिअर जमला की दुसरा बिघडतो.

चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायचा, हाताने फिरवायचा स्क्रू) डावीकडे अर्धा फेरा. लहानवर उतरायला वेळ लावत असेल तर उजवीकडे. पहिल्या काही दिवसांत कव्हर आपल्या जागी बसतं आणि केबल ढिली पडते. तेव्हा पुन्हा डावीकडे अर्धा फेरा द्या, आणि त्याच वेळी ॲक्सलचे नटही तपासा.