शंभर दाणे आणि पाचशेचा आकडा

मंडळी, लातुरात बोलायचं म्हणून मी सोयाबीनपासूनच सुरुवात करतो. घरचं बियाणं पेरण्याआधी आपण १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. आठवड्याभरात ७० दाण्यांना मोड आले की बियाणं चांगलं, कमी आले तर एकरी दाणे वाढवायचे.

रक्ताच्या मूळ पेशींच्या प्रत्यारोपणात, म्हणजे आपण ज्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो त्यात, आम्हीही आधी मोजतोच. दात्याच्या रक्तातून गोळा केलेल्या पिशवीत सीडी-३४ ही खूण असलेल्या पेशी, म्हणजे याच मूळ पेशी, किती आहेत, ते पाहतो. रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख तरी लागतात. ५० लाख मिळाल्या की जीव भांड्यात पडतो. पेशी भरपूर असल्या तर त्या लवकर रुजतात, हा आमचा सगळ्यात भरवशाचा अंदाज.

पण नुसतं बियाणं बघून पिकाचं सांगता येतं का? जमीन बघावी लागते, वापसा बघावा लागतो. रुग्णाची पाणथरी वाढलेली असेल तर ती नव्या पेशी अडकवून ठेवते. दाता किती जुळतो, मध्येच जंतुसंसर्ग होतो का, यावरही दिवस पुढे सरकतात. पेशी कुठून घेतल्या हेही आहेच: रक्तातून घेतलेल्या साधारण दोन-तीन आठवड्यांत रुजतात, नाळेतल्या रक्ताच्या महिनाभर घेतात. क्वचित काहीच उगवत नाही. मग दुबार पेरणी, दात्याला पुन्हा हात जोडायचे.

तरुणपणी मी एका कुटुंबाला छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘पंधरा दिवसांत पांढऱ्या पेशींचा आकडा वर येईल.’ सव्वीस दिवस लागले. दवाखान्याजवळची खोली त्यांनी महिन्याच्या बोलीवर घेतली होती, पुढच्या भाड्यासाठी गावाकडची गाय विकली. तेव्हापासून मी एक दिवस सांगत नाही. लवकरात लवकर कधी आणि उशिरात उशिरा कधी, असं दोन्ही सांगतो.

एका बाईंना सख्ख्या भावाच्या पेशी दिल्या होत्या. त्यांचे यजमान खताच्या दुकानातून मिळालेल्या खिशातल्या डायरीत रोज न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, आकडा लिहायचे. तेराव्या दिवशी ८०, मग २१०, ४६०, सोळाव्या दिवशी ७९०. ते धावत आले, ‘डॉक्टरसाहेब, उगवलं!’ मी म्हटलं, ‘भाऊ, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहू द्या, मग म्हणू.’ ५०० च्या खाली साधा जंतूही जीवावर बेततो, म्हणून ती रेघ. एकोणिसाव्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून डायरीत ‘रुजलं’ असं लिहिलं.

उगवण झाली म्हणजे रास घरात आली असं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथंच. प्लेटलेट बहुधा मागून येतात. लिम्फोसाइट, म्हणजे शरीराची जुनी ओळख ठेवणारे शिपाई, सावरायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त लागतं. लहानपणच्या लशी पुन्हा घ्याव्या लागतात. भावाच्या पेशी बहिणीच्या कातडीवर, आतड्यावर, लिव्हरवर उठू शकतात. म्हणून पहिले १०० दिवस दवाखान्याच्या जवळ राहायचं. रिपोर्ट चांगला आला म्हणून लग्नाला, जत्रेला गावी निघालेल्या माणसांना मी हात धरून थांबवलंय. ‘सुट्टी कधी?’ हे विचाराच, पण ‘जवळ किती दिवस राहायचं?’ हे आधी विचारा. घर, पैसा, सोबतीला कोण, सगळं त्यावर ठरतं.

तांबड्या पेशी जवळजवळ १२० दिवस जगतात. त्यामुळे जुनं रक्त सावकाश संपतं आणि नवं त्याची जागा घेतं. काही महिन्यांनी ते यजमान तपासणीला आले, तेव्हा त्यांनी मला डायरीचं पहिलं पान दाखवलं. तिथं बायकोच्या नावापुढचं ‘बी पॉझिटिव्ह’ खोडून त्यांनी मेहुण्याचा रक्तगट लिहिला होता, ‘ओ पॉझिटिव्ह’.