दादा, तुझा फोन मी उचलला नाही

नमस्कार, श्रोतेहो. घरातलं तरणंताठं माणूस गेलं की घरच्यांचं दुःख सगळ्यांना दिसतं. त्या दुःखाच्या आड जी अपराधी भावना दबा धरून बसते, ती मात्र कुणाला दिसत नाही. आज तिच्याविषयी बोलायचं आहे.

आमच्या शेजारचा मुलगा तेविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. दहाव्याला आम्ही नाशिकला गोदाकाठी जमलो होतो. पिंडाशेजारी त्याची आवडती कांदाभजी ठेवलेली, कावळे समोरच्या भिंतीवर, पण एकही खाली उतरेना. अशा वेळी काय चालतं, तुम्हाला ठाऊकच आहे. मामा पुढे झाले, "तुझं कर्ज फेडू रे." काका म्हणाले, "आईबापाला काही कमी पडू देणार नाही." कावळे ढिम्म. एवढ्यात धाकटी बहीण हात जोडून म्हणाली, "दादा, त्या रात्री तुझा फोन आला होता. भांडणाच्या रागात मी उचलला नाही." मग आई म्हणाली, "अगं, जेवूनच जा म्हणून मी त्याला थांबवलं. नाहीतर उजेडीच पोचला असता." आणि दहा दिवस तोंड न उघडलेले वडील म्हणाले, "गाडी मीच घेऊन दिली." कावळा शेवटपर्यंत शिवला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. पण बघा, एका छपराखाली तिघं, तिघंही मनातल्या मनात गुन्हेगार, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही!

जेवायला थांबवताना आईला पुढचं ठाऊक नव्हतं. पुन्हा सांगतो, तेव्हा ठाऊक नव्हतं. आज कळलेल्या गोष्टीची शिक्षा आपण कालच्या स्वतःला देतो. म्हणून बोला, घरातल्या घरात बोला.

चौकाचौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लावतात, ते मला मुळीच पटत नाही. आईला रोज भाजीला जाताना तो चेहरा बघावा लागतो. त्या पैशात महिनाभर डबा पोचवा.

भेटायला जाल तेव्हा "कसं झालं?" विचारू नका. त्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. दोषाचा विचार झोपू देत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक-चार-चार-एक-सहा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.