कड्यावरची माकुडी आणि कागदावरचे नाव

(साताऱ्यात भाद्रपद महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि उपस्थित सातारकर हो,

कासच्या पठारावर सध्या बहर आहे, त्यामुळे वनस्पतींचा विषय निघाला म्हणजे वक्ता कासविषयीच बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. कासकडे मी येणारच आहे; पण सुरुवात मला सज्जनगडापासून करायची आहे. गडाच्या कातळात, जिथे शेळीचेही तोंड पोहोचत नाही अशा कपारींमध्ये, एक मांसल खोडाची, बोटभर जाडीची वनस्पती लोंबताना दिसते. उन्हाळ्यात तिची पाने गळून जातात आणि नुसती राखट, सुरकुतलेली कांडी उरते. पावसाळा लागला की पाने येतात आणि श्रावण-भाद्रपदात तिला पाच पाकळ्यांची, गडद लाल रंगाची आणि त्यावर पिवळी नक्षी असलेली चांदणीसारखी फुले लागतात. तिचे आपल्याकडचे नाव शिंदळ माकुडी. महाराष्ट्राबाहेर ही वनस्पती निसर्गात आढळत नाही. आपल्या राज्यातही शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणच्या कड्यांवर ती टिकून आहे, आणि १९८० च्या दशकात जगातील अतिशय संकटग्रस्त अशा अवघ्या बारा वनस्पतींच्या यादीत तिची गणना झाली होती.

शास्त्राच्या दप्तरी हिची नोंद केली ती निकोल अलेक्झांडर डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने. डाल्झेल मुंबई इलाख्याच्या वनखात्यात होता. त्याने आणि अलेक्झांडर गिब्सन याने मिळून १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यानंतर काही वर्षांतच जुन्नरच्या बाजूच्या डोंगरातील ही वनस्पती त्याच्या अभ्यासात आली. ती इतकी वेगळी होती, की ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ती बसेना. तिच्या जवळच्या नातलगांना पाने जवळजवळ नसतातच, आणि हिला मात्र चांगली हिरवी, रुंद पाने. म्हणून डाल्झेलने तिच्यासाठी एक नवीच प्रजाती स्थापन केली आणि तिला मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या सन्मानार्थ ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिले.

हा फ्रियर म्हणजे साताऱ्याला अपरिचित माणूस नव्हे. १८४८ साली छत्रपती शहाजीराजे उर्फ आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, तोच होता. महाराजांच्या दत्तक पुत्राचा हक्क मान्य करावा, राज्य खालसा करू नये, असे त्याने वरिष्ठांना कळवले होते. ते मानले गेले नाही, राज्य खालसा झाले आणि त्याच मुलुखाचा कारभार कमिशनर म्हणून त्याला पाहावा लागला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ही हकीकत येते. सज्जनगडाच्या कड्यावर वाढणाऱ्या वनस्पतीला ज्याचे नाव मिळाले तो हाच, हे मात्र फारच थोड्यांना माहीत असते, आणि मला हा योग फार विलक्षण वाटतो.

या नावाचा पुढचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. नंतरच्या अभ्यासकांना वाटले, की केवळ पाने आहेत म्हणून स्वतंत्र प्रजाती मानणे बरोबर नाही. ही आपल्या माकडशिंगाचीच, म्हणजे ‘कॅरालुमा’ची बहीण आहे. तिला त्या प्रजातीत हलवायचे ठरले तेव्हा अडचण अशी आली, की ‘कॅरालुमा इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीला दिलेले होते, आणि एकच नाव दोघींना चालत नाही. तेव्हा फ्रियरचे प्रजातीतून गेलेले नाव जातीच्या नावात आले आणि ती ‘कॅरालुमा फ्रेराय’ झाली. पुढे पुन्हा वर्गीकरण बदलले आणि आता बहुतेक ठिकाणी ती ‘बुसेरोसिया फ्रेराय’ म्हणून नोंदलेली आढळते. या सगळ्या बदलांमागे प्रामाणिक शास्त्रीय कारणे आहेत, त्यांना मी दोष देत नाही. परंतु दीडशे वर्षांत कागदावरचे नाव इतक्या वेळा बदलले आणि डोंगरातल्या माणसांनी तिला माकुडी म्हणणे काही सोडले नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

विद्यार्थी असताना मी पहिल्यांदा ती पाहिली, तेव्हा परळीच्या बाजूच्या एका वयस्कर गुराख्याने मला ती दाखवली होती. मी सकाळपासून कड्याखाली दुर्बीण घेऊन फिरत होतो आणि मला काही सापडत नव्हते. आजोबांनी काठी वर केली आणि म्हणाले, “ती काय, त्या भेगंत. माकुडी. ल्हानपणी आमी वर चढून खायाचो तिला. लई पानी असतंय तिच्यात.” मी वहीत दिनांक लिहिला, ठिकाण लिहिले, अंदाजे उंची लिहिली, शास्त्रीय नाव लिहिले आणि निरीक्षक म्हणून स्वतःचे नाव लिहिले. आजोबांचे नाव मी विचारलेसुद्धा नाही. ती वही आजही माझ्याजवळ आहे, आणि ते पान उघडले की मला मनापासून वाईट वाटते.

हे माझ्या एकट्याच्या हातून घडले असे नाही. वनस्पतिशास्त्राचा मोठा इतिहास असाच लिहिला गेला आहे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या सूची पाहिल्या तर जॉन ग्रॅहॅमची १८३९ ची यादी, मग डाल्झेल आणि गिब्सन, मग १९०१ ते १९०८ या काळात निघालेला थिओडोर कुक याचा दोन खंडांचा ग्रंथ अशी परंपरा दिसते. कुक हा मूळचा अभियंता, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य. त्याचा ग्रंथ आजही आम्हा लोकांच्या टेबलावर असतो आणि त्याच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण ही झाडे कोणी दाखवली, रानातून कोणी आणून दिली, याचा उल्लेख या परंपरेत शोधावाच लागतो. गिब्सनने पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेत १८४७ ते १८५० या काळात एका स्थानिक चित्रकाराकडून वनस्पतींची अत्यंत सुंदर रंगीत चित्रे काढून घेतली. ती चित्रे आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानाच्या संग्रहात जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र जतन झालेले नाही.

याला एक फार मोठा अपवाद आहे आणि तो या सर्वांच्या आधीचा आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याचा पहिला खंड निघाला त्या वर्षी समर्थ रामदास सज्जनगडावर वास्तव्याला होते, इतका तो काळ आपल्या जवळचा आहे. समर्थांनीही ‘बागप्रकरण’ लिहिले आहे आणि त्यात झाडांची नावे ओळीने येतात. तिथे वर्णनाची गरज पडत नाही, कारण ऐकणाऱ्याला ती झाडे ठाऊकच होती. व्हान ऱ्हीडचा वाचक मात्र हजारो मैल दूर होता, म्हणून त्याला चित्रे, वर्णने आणि औषधी उपयोग असे सर्व काही द्यावे लागले. ही माहिती आपण कोणाकडून घेतली, हे त्याने लपवले नाही. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ साली सह्या केलेले प्रमाणपत्रही छापलेले आहे. ते कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. नागरी अक्षरे युरोपात छापली जाण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. शिवराज्याभिषेकानंतरच्या वर्षी तीन वैद्य आपल्या लिपीत लिहून देतात, की ही माहिती आम्ही दिली आहे, आणि ते ॲमस्टरडॅममध्ये जसेच्या तसे छापले जाते! पुढे १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने वनस्पतींच्या दोनपदी नावांची पद्धत रूढ करणारा ग्रंथ लिहिला तेव्हा भारतातील अनेक वनस्पतींसाठी त्याचा आधार हाच ग्रंथ होता. लिनियस स्वतः भारतात कधीही आला नव्हता.

आपल्या घाटातला कुंभा आपण पाहिला असेल. त्याचे शास्त्रीय नाव ‘कॅरिया आर्बोरिया’. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव विल्यम कॅरे या आपल्या मित्रावरून दिले. मराठीच्या अभ्यासकांना कॅरे माहीत असतो तो वेगळ्या कारणाने: १८०५ साली छापलेले मराठीचे व्याकरण आणि १८१० चा मराठी कोश हे त्याचेच काम, आणि त्या कामात त्याला वैजनाथ शर्मा या पंडिताचे मोठे साहाय्य झाले होते. कुंभ्याच्या झाडाखाली उभे राहिलो की मला त्या पंडितांची आठवण होते.

आता पाचगणी आणि कास. एथेलबर्ट ब्लाटर हे स्विस जेझुइट पाद्री, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उत्तरायुष्यात ते पाचगणीला राहिले. त्यांनी आणि चार्ल्स मॅककॅन यांनी तिथल्या एका कंदीलपुष्पाला ‘सेरोपेजिया पंचगणिएन्सिस’ असे नाव दिले. खरपुडी म्हणून गुराख्यांची पोरे ज्यांचे कंद उकरून खातात, त्याच कुळातली ही वनस्पती. हिचे फूल म्हणजे एक लांब नळी असते आणि तिच्या आत खाली वळलेले केस असतात. लहानशी माशी वासाने आत शिरते आणि त्या केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. काही काळाने केस सुकतात, वाट मोकळी होते आणि बाहेर पडताना परागांची जोडगोळी माशीच्या अंगाला चिकटून दुसऱ्या फुलाकडे जाते. आपली रुई, माकुडी आणि ही खरपुडी एकाच घराण्यातल्या, त्यामुळे परागांची ही जोडगोळी तिघींतही असते, आणि रुईच्या बोंडातून जशी म्हातारी उडते तशाच माकुडीच्याही बिया रेशमी केसांवर तरंगत दुसऱ्या कड्यापर्यंत जातात.

कासचा वायतुरा तर साताऱ्याचे नावच घेऊन बसला आहे. जांभ्या दगडाच्या पठारावर पावसाळ्यात जी उथळ डबकी साचतात, त्यात ही वनस्पती उगवते. तिचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो, म्हणून हे नाव. १९८२ साली सुंदरराघवन, ए. आर. कुलकर्णी आणि एस. आर. यादव या तीन भारतीय शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले आणि तिला ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’ हे नाव दिले. डबके आटले की वरचे सगळे वाळून जाते आणि चिखलातला कंद पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो. म्हणूनच पठारावर गाडी नेणे, डबक्यात उतरणे हे फूल तोडण्याइतकेच, किंबहुना अधिक घातक आहे; चाकाखाली आलेला कंद आपल्याला दिसतही नाही. २०१२ साली कास हे पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले, त्याचा आनंद आहेच. परंतु त्या वारशात ही डबकीसुद्धा आहेत.

मी आता थांबतो. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. जावळी, परळी, पाटण किंवा महाबळेश्वरच्या बाजूची जी मंडळी इथे आली आहेत, त्यांनी आपल्या घरात किंवा गावात एखाद्या रानवनस्पतीला जे नाव आहे ते तिच्यात लिहून जावे, ही विनंती. वहीत तीन रकाने आखले आहेत: वनस्पतीचे नाव, गाव, आणि सांगणाऱ्याचे नाव. आपल्याला ते आजीकडून कळले असेल तर तिसऱ्या रकान्यात आजीचेच नाव लिहावे.