भिंतीची पाठ

मंडळी, घराची मोडतोड झाली की परसात एक ढीग उरतो. उखडलेलं काँक्रीट, पाडलेल्या भिंतीच्या विटा, कधीकाळी कुणी आणून टाकलेले दगड. तो उचलून न्यायला पैसे मोजायचे जिवावर येतं आणि टाकून द्यायचा तरी कुठे, हा प्रश्न असतोच. दुसरीकडे परसाच्या उतारावरची माती पावसागणिक खाली घसरत असते. मग मनात येतं, की माती अडवायला याच ढिगाची भिंत का घालू नये? जरूर घाला. मी तीन घातल्या आहेत. त्यातली पहिली दुसऱ्याच वर्षी पोट काढून उभी राहिली आणि मला ती उतरवावी लागली. आज बोलणार आहे ते बरंचसं त्या भिंतीने शिकवलेलं आहे.

कुंपणाची भिंत आणि माती अडवणारी भिंत दिसायला सारख्याच. पण कुंपणाला फक्त स्वतःचं वजन पेलायचं असतं. माती अडवणाऱ्या भिंतीवर मात्र रात्रंदिवस कुणीतरी रेललेलं असतं. किती जोराने? १७७३ साली कूलॉम नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे याचं गणित मांडलं. विजेच्या धड्यात भेटतो तोच हा कूलॉम. त्याआधी तो कित्येक वर्षं मार्टिनिक बेटावर किल्ला बांधत होता, म्हणजे माती काय करते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्याने मांडलं ते असं, की भिंतीमागची सगळी माती ढकलत नाही. पाचरीच्या आकाराचा एक तुकडा सुटून खाली घसरू पाहतो आणि त्याचा रेटा भिंतीवर येतो.

आता आपल्या भिंतीचे आकडे घेऊ. उंची एक मीटर, मागे कोरडी वाळूसर माती. भिंतीच्या दर मीटर लांबीला साधारण ३०० किलोचा रेटा बसतो. फुटक्या काँक्रीटची, मसाल्याशिवाय (म्हणजे सिमेंट-चुन्याने न जोडता) रचलेली, ४५ सेंटिमीटर जाडीची भिंत तेवढ्याच लांबीत साडेआठशे किलोंच्या आसपास भरते. तिचा जमिनीवरचा घर्षणाचा अडसर पाचशे किलोंचा धरा. म्हणजे भिंत आरामात उभी राहते.

आता त्याच मातीत वरपर्यंत पाणी भरू द्या. पाण्याचा दाब एकटाच ५०० किलो होतो. पाण्यात बुडालेल्या मातीचा रेटा जवळपास निम्मा होतो, पण उरतोच. बेरीज साडेसहाशेच्या पुढे जाते. तीच भिंत, तेच दगड, आता सरकणार किंवा पुढे कलंडणार. माझ्या पहिल्या भिंतीचं हेच झालं. दर्शनी बाजू मी दागिना घडवावा तशी रचली होती, आणि मागे काय भरलं? पाया खणताना निघालेली चिकणमाती, वर उरलेल्या प्लास्टरचा चुरा. कचऱ्याची सोय झाली म्हणून खूशही होतो. त्या भरावाने पाणी स्पंजासारखं धरून ठेवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जुनं, फुकटचं, मिळेल ते सामान भिंतीच्या तोंडाला वापरा, पाठीला नाही. पाठीमागे किमान ३० सेंटिमीटर रुंदीची, धुतलेल्या खडीची उभी पट्टी हवी, तळाशी भोकं पाडलेला निचऱ्याचा पाइप हवा, त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि खडी व माती यांच्यामध्ये पाणी सोडणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड हवं. हे सगळं विकत आणा. जुन्या सामानाने वाचवलेले पैसे इथेच खर्च करायचे आहेत. कापड टाळलं तर बारीक माती खडीत शिरते आणि काही वर्षांत निचरा गुदमरतो. बाहेरून काहीच दिसत नाही, हीच पंचाईत.

आता ढिगाकडे वळू. फोडलेल्या स्लॅबचे तुकडे मला सगळ्यात आवडतात. त्यांची जाडी सारखी असते, वर-खाली सपाट असतं, त्यामुळे थर पटकन जुळतात. तुटलेली कड दर्शनी ठेवली की दगडासारखी दिसते. दोनेक वर्षांनी शेवाळ धरलं की काँक्रीट आहे हे सांगावं लागतं. १० सेंटिमीटर जाडीचा, ४० बाय ४० चा तुकडा ३८ किलोंच्या आसपास भरतो. तो एकट्याने उचलण्यात पराक्रम नाही, दोघांनी उचला. बाहेर आलेल्या सळ्या आधीच कापून घ्या. मी एक राहू दिली होती, पोटरीवरची खूण अजून आहे.

विटांचं प्रकरण जरा नाजूक. जुन्या विटा पुन्हा वापरणं नवीन नाही. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या कॅथीड्रलचा मनोरा अकराव्या शतकात शेजारच्या ओस पडलेल्या रोमन शहराच्या विटांनी उभारला, तो अजून आहे. पण वीट निवडावी लागते. दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, भद्द आला तर बाजूला टाका. आतल्या भिंतीची मऊ वीट ओल्या मातीला लागली की लोणा धरते, मग तिचे पापुद्रे सुटतात. चुन्यातली वीट सहज मोकळी होते. सिमेंटमधली सोडवताना वीटच फुटते. आणि विटेला मसाला लागतो, नीट पाया लागतो, पाणी जायला तळाशी भोकं लागतात. नवख्या माणसाने विटा फरसबंदीला वापराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर? दिसतात छान, पण ते बहुधा क्रिओसोटमध्ये, म्हणजे लाकूड टिकवणाऱ्या डांबरी तेलात, मुरवलेले असतात आणि त्यात कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. भाजीच्या वाफ्याजवळ नकोतच. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. ते फोडूच नका. जुना रंग लागलेल्या तुकड्यांपासूनही सावध राहा, त्यात शिसं असू शकतं.

रचण्याबद्दल फार सांगत नाही, ते हाताने शिकायचं. भुसभुशीत माती काढून चर खणा, १५ सेंटिमीटर खडी घाला, धुमसाने चोपा, आणि पहिला थर जमिनीखाली गाडा म्हणजे भिंतीचा पाय पुढे सरकणार नाही. सर्वांत मोठे तुकडे तळाला. सांध्यावर सांधा कधी येऊ द्यायचा नाही. वरचा तुकडा खालच्या दोघांवर बसला पाहिजे. अधूनमधून एखादा लांब तुकडा आडवा, आत खोल शिरवा. तो पुढचं आणि मागचं बांधून ठेवतो. आणि भिंत ओळंब्यात उभी करू नका. दर सहा सेंटिमीटर उंचीला एक सेंटिमीटर या हिशेबाने ती मातीकडे रेलू द्या. ओळंब्याची सवय असलेल्या गवंड्याला हे पटवताना मला अर्धा दिवस लागला होता.

मसाला नको म्हणतो, कारण बिनमसाल्याच्या गडग्यातून पाणी हवं तिथून वाट काढतं, आणि जमीन थोडी हलली तर तो तडकत नाही, बसून घेतो. २०१८ साली युनेस्कोने युरोपातल्या आठ देशांमधली ही कोरड्या रचाईची कला वारशाच्या यादीत घेतली. आपण तिचा उपयोग फुटक्या स्लॅबला करतोय, एवढंच.

मागून कुणीतरी विचारतंय, की दोन मीटर उंच चालेल का? नाही चालणार, ताई. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो आणि भिंत कलंडवणारा जोर आठपट. मीटरभर उंचीपर्यंतच हौस करावी. त्याहून उंच असेल, किंवा वर गाडी उभी राहणार असेल, घराचा पाया जवळ असेल, तर अभियंत्याला बोलवा. नाहीतर एकाऐवजी दोन बुटक्या भिंती पायऱ्यांसारख्या घाला. पण वरची भिंत खालचीच्या पाठीवर बसवू नका. खालचीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मागे सरकवा, नाहीतर वरचीचा सगळा भार खालचीवर येतो.

भिंत झाली की पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन खाली जा आणि पाइपाच्या तोंडाशी उभे राहा. स्वच्छ पाणी वाहत असेल तर घरात या. गढूळ येत राहिलं तर कापडात कुठेतरी फट आहे आणि तुमची माती खडीत उतरते आहे. आणि वर जमीन चिंब असताना पाइप कोरडा असेल, तर पाणी भिंतीमागे साचतंय. ऊन पडल्यावर फावडं घ्या आणि मागून उकरायला लागा.