तीनशे फूट खाली

पूर्णगडाजवळ मुचकुंदी नदीचे पावसाळी तांबडे पाणी समुद्रात दूरवर शिरलेले दिसते. दक्षिणेला विजयदुर्गाचा तट दिसू लागेपर्यंत सेसना १७२ जातीच्या या छोट्या विमानातील शिकवणी व्यवस्थित चाललेली आहे. डावीकडे शिकाऊ वैमानिक आहे आणि उजवीकडे त्याच्या प्रशिक्षिका. उड्डाणानंतर धडा तपासता यावा म्हणून मागे बसवलेला कॅमेरा सुरू आहे; त्यामुळे एरवी अहवालाच्या दोन ओळींत संपली असती ती चूक आपल्याला घडताना पाहता येते.

नियंत्रण कक्षाने तीन हजार फूट उंची राखण्यास सांगितले होते आणि समुद्रसपाटीचा दाब १००२ हेक्टोपास्कल असल्याचे कळवले होते. शिकाऊ वैमानिकाने दोन्ही आकडे बिनचूक परत वाचून दाखवले. आता अल्टिमीटर जवळून पाहू. हे उपकरण बाहेरच्या हवेचा दाब मोजून त्यावरून उंची दाखवते, आणि त्याच्या छोट्या खिडकीत त्या वेळचा समुद्रसपाटीचा दाब लावलेला असेल तरच काट्यावर भरवसा ठेवता येतो. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात हा दाब १०१३ च्या आसपास असतो. पावसाळ्यात तो आठ-दहा हेक्टोपास्कलने, कधी त्याहूनही अधिक उतरतो. एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत सुमारे २७ ते ३० फुटांचा फरक.

मोठ्या उंचीवरून जाणारी प्रवासी विमाने मात्र १०१३.२५ हा एकच प्रमाण दाब लावून उडतात, म्हणजे सर्वांची मोजणी एकाच पायावर होते. नेमके हेच समजावण्यासाठी प्रशिक्षिका नॉब फिरवून खिडकीत १०१३ आणतात. विमान जागचे हललेले नाही, तरी काटा तीन हजारांवरून तीन हजार तीनशेकडे सरकतो. धडा उत्तम उतरला आहे, हे मान्य करावेच लागेल.

त्याच क्षणी रेडिओवर सूचना येते की समोरून एक हेलिकॉप्टर दोन हजार फुटांवरून येत आहे. प्रशिक्षिका उत्तर देतात आणि मान वळवून बाहेर शोधू लागतात. नॉब तसाच राहतो. शिकाऊ वैमानिकाला मात्र काटा तीनशे फूट वर दिसतो, आणि शिकवल्याप्रमाणे तो विमान हळुवार खाली आणून काटा पुन्हा तीन हजारांवर स्थिर करतो. त्याच्या हातून झालेले प्रत्येक काम योग्य होते. फक्त खिडकीतला आकडा चुकीचा होता. विमानातील ट्रान्सपाँडर नॉबची पर्वा न करता नेहमी प्रमाण दाबावरचीच उंची पाठवतो आणि नियंत्रण कक्षातील यंत्रणा तिला स्थानिक दाबाची दुरुस्ती लावते, म्हणून तेथील पडद्यावर दोन हजार सातशे उमटले.

“उंची तपासा,” असे नियंत्रण कक्षाकडून सांगितले जाताच प्रशिक्षिकांची नजर काट्यावर न थांबता थेट खिडकीवर जाते. दाब पुन्हा १००२ वर येतो आणि विमान तीन हजारांवर परतते. हेलिकॉप्टर आडवे अंतर राखून निघून गेले. पुढे लेखी खुलासा आणि चौकशी झाली. नियंत्रण कक्षात चित्रणाची परवानगी नसल्याने ती बाजू येथे दिसत नाही.

त्या संध्याकाळी प्रशिक्षिकांनी कोणी मागण्याआधीच अहवाल लिहिला होता, आणि या गोष्टीचे मोल समजण्यासाठी १ डिसेंबर १९७४ कडे जावे लागते. त्या दिवशी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीच्या वैमानिकांनी नियंत्रण कक्षाच्या सूचनेचा चुकीचा अर्थ लावला आणि विमान डोंगरावर आदळून ९२ जण मृत्युमुखी पडले. त्याच्या सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांनी तशाच सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ लावला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. पण ती माहिती त्यांच्या कंपनीबाहेर पोहोचली नव्हती. त्यानंतर १९७६ मध्ये तेथे नासाच्या देखरेखीखाली अहवाल योजना सुरू झाली. अनवधानाने झालेली चूक दहा दिवसांच्या आत कळवणाऱ्याला तेथे दंडापासून बहुतांशी संरक्षण मिळते. आपल्याकडेही स्वेच्छेने अहवाल देता येतो, पण तो देणाऱ्याला परवाना गमावण्याची धास्ती वाटत असेल, तर असे अहवाल खणातच राहतील.

प्रशिक्षिकांनी स्वतःपुरता एक बदल लगेच केला. दाबाचे हे प्रात्यक्षिक त्या आता इंजिन सुरू करण्यापूर्वी, विमान उभे असतानाच दाखवतात.